ग्रुपवर टाकलं, म्हणजे बाईला कळलं?

आरोग्य खात्याच्या तालुका पातळीवरच्या कोणत्याही बैठकीला जा. लोकांना माहिती दिली का, असा प्रश्न निघाला की उत्तर ठरलेलं असतं, ‘ग्रुपवर टाकलं आहे.’ डेंग्यूचं टाकलं आहे, उष्माघाताचं टाकलं आहे, लसीकरणाच्या तारखा टाकल्या आहेत, शिबिराचं पोस्टर टाकलं आहे. पुढे कुणी विचारत नाही. टाकलं ते कुणाच्या हातात पडलं, कुणी वाचलं, वाचून काय समजलं, आणि समजल्यावर तिला तसं वागणं शक्य होतं का, हे प्रश्न अहवालाच्या तक्त्यात बसत नाहीत. तिथे एकच रकाना असतो : संदेश पाठवला, होय.

मी पिशोर आणि कन्नड तालुक्यातल्या आसपासच्या गावांत बचत गटांच्या बायकांबरोबर आरोग्याचं काम करते. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात आम्हाला शिकवलं होतं की ऐकणाऱ्याला उलट विचारता येत नसेल, तर त्याला संवाद म्हणू नये, ती दवंडी झाली. आज व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि यूट्यूबच्या नावाने जे चाललं आहे ती बहुतेक वेळा दवंडीच आहे. फरक एवढाच की पूर्वीची दवंडी गल्लीतून जायची, चुलीपुढे बसलेल्या बाईलाही ऐकू यायची. आताची दवंडी पुरुषाच्या खिशात वाजते.

समाजमाध्यमांतून आरोग्याची माहिती देऊ नये असं माझं म्हणणं नाही. माझा आक्षेप दुसराच आहे. गावात येऊन बोलणाऱ्या माणसाच्या जागी फोन बसवला जातो आहे. हा फोन घरात कुणाच्या मालकीचा आहे हे सोयीस्करपणे विसरलं जातं, आणि निरोप पोचला नाही की दोष मात्र ‘अडाणी’ बाईच्या माथी मारला जातो.

आधी फोन कुणाचा ते पाहू. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात स्वतःला वापरता येईल असा मोबाईल असलेल्या बायका शंभरात सुमारे ५५ होत्या. इंटरनेट ही तर त्यापुढची पायरी. आयुष्यात एकदा तरी इंटरनेट वापरलं आहे अशा बायका राज्यात ३८ टक्के निघाल्या, पुरुष ६१.५ टक्के. ग्रामीण बायकांचं प्रमाण २४ टक्क्यांच्याही आत होतं. त्यानंतर फोन वाढले, रिचार्जची दुकानं वाढली, हप्त्यावर मोबाईल मिळू लागले, हे खरं आहे. पण घरात आलेला फोन कुणाकडे राहतो हेही पाहायला हवं. एका बैठकीत मी विचारलं तेव्हा एक बाई म्हणाली, ‘आमच्याकडं दोन हायेत ना मॅडम. मोठा मालकाकडं, साधा माझ्याकडं. माझ्यात फक्त फोन येतो.’ बटणांच्या त्या साध्या फोनवर खात्याचं रंगीत पोस्टर उघडत नाही. मोठा फोन दिवसभर शेतात, बाजारात, पारावर फिरतो आणि रात्री घरी येतो तेव्हा त्याचा ताबा मुलाकडे जातो. वयात आलेल्या मुलीच्या हातात तो द्यायचा नाही, कारण ती ‘बिघडेल’. सुनेने हातात धरला तर ‘माहेरी काय सांगत बसतेस?’ हा प्रश्न ठरलेला. घरातल्या ज्या सत्तासंबंधांबद्दल आपण इतकी वर्षं बोलत आलो, ते या चार बोटं रुंदीच्या वस्तूतही जसेच्या तसे उतरले आहेत.

मग माहिती पुरुषाला मिळाली तर तो घरी सांगेलच की, असं अधिकारी म्हणतात. मलेरियाचं सांगेलही. पण पांढरं पाणी जाण्याबद्दल, अंग बाहेर येण्याबद्दल, पाळणा लांबवण्याच्या ‘अंतरा’ इंजेक्शनबद्दल, सुरक्षित गर्भपाताच्या कायद्याबद्दल तो बायकोला सांगेल? जी माहिती बाईला तिच्या शरीरावर थोडाफार हक्क देते, नेमकी तीच या वाटेने तिच्यापर्यंत येत नाही.

हे सगळं किती महागात पडतं ते कोविडच्या काळात दिसलं. तो काळ आता सगळ्यांना विसरायचा आहे. आपण विसरू नये, कारण सरकारने आरोग्याचा जवळजवळ सगळा व्यवहार फोनवर नेऊन पाहिला तो तेव्हाच.

१ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली, पण त्यासाठी आधी कोविन पोर्टलवर नाव नोंदवणं सक्तीचं होतं. पोर्टल सुरुवातीला इंग्रजीत होतं. मराठीसह इतर भाषा त्यात जूनमध्ये आल्या. एका मोबाईल क्रमांकावर चार जणांची नावं चढत होती. एकत्र कुटुंबात ती चार नावं कुणाची असतील आणि सुनेचा क्रमांक कितवा लागला असेल, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही. ज्यांच्याकडे फोन नाही, इंटरनेट नाही त्यांनी काय करायचं, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात सरकारला केला. २१ जूनच्या नव्या धोरणात थेट केंद्रावर नोंदणीची सोय सर्वांसाठी झाली. म्हणजे हा अन्याय कुणाच्या लक्षात आला नव्हता असं नाही. आधी तरुण, शिकलेल्या, शहरी फोनधारकाला डोळ्यांपुढे ठेवून योजना आखली गेली आणि बाकीच्यांचा विचार मागाहून झाला.

त्याच सुमारास, एप्रिल २०२१ मध्ये, एक निरोप व्हॉट्सअ‍ॅपवरून देशभर फिरला : पाळीच्या पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर मुलींनी लस घेऊ नये, त्या दिवसांत प्रतिकारशक्ती कमी असते. हे खोटं होतं. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने २४ एप्रिलला त्याचं खंडन केलं. कुठे? ट्विटरवर! अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर, मायबोलीत, ओळखीच्या माणसाकडून आलेली. खंडन अशा ठिकाणी, जिथे पिशोरची बाई जन्मात गेलेली नाही. ही अफवा गावात पसरली याचं मला आश्चर्य वाटत नाही. पाळीच्या बाईने देवाला शिवू नये, लोणच्याला हात लावू नये, हे ऐकतच ती मोठी झालेली असते. ‘लसही घेऊ नये’ हे त्या यादीत सहज बसलं. अफवा पसरवणाऱ्याला बाईचं जग ठाऊक होतं. खंडन करणाऱ्याला ते ठाऊक करून घ्यावंसं वाटलं नाही.

यातली दुसरी बाजू माझ्या मते अधिक गंभीर आहे. ‘लस घेतल्यावर पाळी पुढेमागे होते का?’ हा प्रश्न बायका मनापासून विचारत होत्या. तो प्रश्न रास्त होता. लशीच्या चाचण्या घेताना पाळीची नोंद ठेवावी असं शास्त्रज्ञांनाही आधी सुचलं नव्हतं. बायकांनी जगभर आवाज केला तेव्हा अभ्यास झाले. अमेरिकेतला सुमारे चार हजार बायकांचा अभ्यास जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या लशींच्या एका डोसनंतर पाळीचं चक्र सरासरी एक दिवसापेक्षाही कमी लांबतं असं त्यात आढळलं. म्हणजे लस घ्यायला हरकत काहीच नव्हती, पण बायका सांगत होत्या तेही भ्रामक नव्हतं. आपल्याकडे मात्र लाल रंगाचा ‘खोटे’ असा शिक्का मारून विषय संपवला गेला. अफवा खोडून काढणं वेगळं आणि बाईचा प्रश्न मोडीत काढणं वेगळं. एकेरी माध्यमात हा फरक करायला जागाच नसते, कारण तिथे बाईने काय विचारलं हे ऐकणारं कुणी नसतं.

आता आपल्या जिल्ह्याचं पाहू. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा लसीकरणात राज्यातल्या ३६ जिल्ह्यांत २६ वा होता. त्या वेळच्या बातम्यांनुसार पहिला डोस घेतलेल्यांचं प्रमाण राज्यात ७४ टक्के, तर आपल्याकडे ५५ टक्क्यांच्या आसपास होतं. याची कारणं अनेक होती. भीती होती, केंद्रं लांब होती, आणि नोव्हेंबर म्हणजे कापूस वेचणीचे दिवस, बायका सकाळी शेतात गेल्या की दिवेलागणीला परतायच्या. यावर जिल्हा प्रशासनाने काय उपाय काढला? ९ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाने किमान एक डोस घेतल्याचं प्रमाणपत्र असल्याशिवाय रेशन दुकान, गॅस एजन्सी आणि पेट्रोल पंपावर माल द्यायचा नाही असं ठरलं.

रेशनच्या रांगेत कोण उभं असतं? घरातलं पीठ संपलं हे आधी कुणाला कळतं? गॅस नाही मिळाला तर चुलीच्या धुरात कोण बसतं? पेट्रोल अडवलं तर पुरुषाची मोटारसायकल थांबते. रेशन अडवलं तर बाईचं अख्खं घर अडतं. शिवाय प्रमाणपत्र म्हणजे पुन्हा फोन आला. लस घेतलेल्या बाईलाही ती घेतल्याचा पुरावा मुलाच्या मोबाईलमधून काढून आणावा लागणार. माहिती पोचवण्यात यंत्रणा कमी पडली, आणि त्याची शिक्षा जिला माहिती मिळाली नाही तिला झाली. लस महत्त्वाची होती, तिने जीव वाचवले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणूनच ती समजावून देण्याचं काम धान्य अडवण्याच्या धमकीवर सोपवायला नको होतं. जिथे संवाद होत नाही तिथे शेवटी सक्ती येते, एवढा धडा तरी आपण त्या आदेशातून घ्यायला हवा.

आता या माध्यमाच्या चालीबद्दल. व्हॉट्सअ‍ॅप ही ग्रामपंचायतीची पाटी नाही आणि आरोग्य खात्याची भिंतही नाही. ती एका नफा कमावणाऱ्या परदेशी कंपनीची मालमत्ता आहे. तिथे खऱ्या माहितीला वेगळी वाट नाही. जे भीती घालतं, चेव आणतं, ते वेगाने पळतं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अशाच निरोपांनी पेटलेल्या जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठार मारलं. देशभर अशा घटना घडल्यावर त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. कोविडची साथ आल्यावर, एप्रिल २०२० मध्ये, फार वेळा फिरलेल्या निरोपाला एका वेळी एकच ठिकाण ठेवलं. म्हणजे अफवेचा वेग कमी करता येतो हे कंपनीला ठाऊक होतं. तो कमी करायला माणसं मरावी लागली.

यूट्यूबचीही तीच गत. सम तारखेला संग केला तर मुलगा होतो आणि विषम तारखेला केला तर मुलगी, असं सांगणारं एका प्रसिद्ध कीर्तनकाराचं कीर्तन २०२० मध्ये गाजलं. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली संगमनेरच्या न्यायालयात त्या वर्षी खटला दाखल झाला. २०२१ मध्ये सत्र न्यायालयाने तो रद्द केला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्या अ‍ॅड. रंजना गवांदे यांनी पाठपुरावा सोडला नाही. अखेर जून २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो खटला पुढे चालवण्याचा मार्ग मोकळा केला. ही झाली कायद्याची तीन वर्षं. या तीन वर्षांत कीर्तनाचे तुकडे किती फोनवर वाजले असतील? मुलगी झाली म्हणून बाईला बोल लावणाऱ्या घरात ‘तारीख चुकली’ हे आणखी एक हत्यार त्यांनी दिलं. खात्याच्या ‘लेक वाचवा’ पोस्टरची स्पर्धा अशा गोष्टींशी आहे. टाळ-मृदंग, विनोद, गावरान भाषा यांच्यापुढे मंत्र्यांच्या फोटोसकट आलेलं सरकारी मराठीतलं पोस्टर कोण उघडून बघणार?

हे ओझं वाहायचं कुणी? पुन्हा बाईनेच. महाराष्ट्रात सुमारे ७० हजार आशाताई आहेत. ‘मेसेज टाक, फोटो टाक, लिंक भर, लगेच भर’ हा त्यांचा दिनक्रम झाला आहे. त्यांना पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो. रात्री नऊ वाजता ग्रुपवर आदेश येतो आणि सकाळी दहापर्यंत माहिती हवी असते. एक आशाताई मला म्हणाली, ‘पहिले मी घरात जायचे, बाळंतिणीजवळ बसायचे. आता घरात गेले की आधी फोटो काढते. बसायला टाइमच कुठाय?’ अंगणवाडी ताईंनी तर ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन निकृष्ट होते, क्षमता कमी होती, आणि ज्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये माहिती भरायची ते इंग्रजीत होतं. वर्तमानपत्रांनी त्याला ‘मोबाईल वापसी’ म्हटलं. मला तो आरोग्य संवादावरचा फार मोलाचा अभिप्राय वाटतो. आशाताईंनी जून २०२१ मध्ये संप केला, ऑक्टोबर २०२३ मध्ये केला आणि दिलेला शब्द कागदावर येईना म्हणून जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा केला. मार्च २०२४ मध्ये मोबदल्यात पाच हजारांची वाढ देणारा शासन निर्णय निघाला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा त्यांच्या अभिनंदनाचे निरोपही सगळ्या ग्रुपवर फिरले. अभिनंदन फुकट असतं, रिचार्जला पैसे लागतात!

आता ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही ते लिहिते. ग्रुप म्हणजे गावाचा डोळा. एका गावात, नाव मुद्दाम लिहीत नाही, अशक्तपणाची तपासणी झाली. गैरहजर बायकांना बोलावण्यासाठी नावं, वय आणि हिमोग्लोबिन अशी यादी गावाच्या ग्रुपवर टाकली गेली. त्या ग्रुपमध्ये सरपंच होते, दुकानदार होते, पोरंटोरं होती. हिमोग्लोबिन सात असलेल्या एका नव्या सुनेला गोळ्या मिळण्याआधी टोमणे मिळाले, ‘आजारी पोरगी आमच्या गळ्यात बांधली.’ ज्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायका रक्तक्षयाने ग्रासलेल्या आहेत असं सरकारचंच सर्वेक्षण सांगतं, तिथे ही त्या घराची लाजिरवाणी गोष्ट कशी झाली? यादी टाकणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पण दवाखान्यातला केसपेपर चौकात चिकटवायचा नाही हे ज्याला कळतं, त्याला ग्रुप म्हणजे चौकच आहे हे का कळू नये?

गर्भवतींसाठी दर आठवड्याला फोनवरून आरोग्याची माहिती ऐकवणारी ‘किलकारी’ ही सरकारी सेवा फेब्रुवारी २०२४ पासून महाराष्ट्रात आली आहे. ऐकून कळतं, वाचावं लागत नाही, म्हणून कल्पना चांगली आहे. पण तो फोन गर्भवतीच्या नोंदीत लिहिलेल्या क्रमांकावर जातो. तो क्रमांक नवऱ्याचा असेल तर गरोदरपणात काय खावं, केव्हा दवाखान्यात जावं, हे सगळं नवऱ्यालाच ऐकू येणार. नोंद करताना ‘ताई, तुझा स्वतःचा नंबर कोणता, आणि फोन किती वाजता आला तर तुला ऐकता येईल?’ हे दोन प्रश्न विचारायला किती वेळ लागतो?

यावर काही मैत्रिणी म्हणतील की तू फारच एकांगी लिहितेस. लॉकडाऊनमध्ये फोनशिवाय काय होतं? आणि जी गोष्ट आईला, सिस्टरला विचारायची लाज वाटते ती मुलगी एकटीने ऐकू शकते, हे स्वातंत्र्य नाही का? आहे. पिशोरमधल्या कॉलेजच्या मुली पाळीबद्दल, गर्भनिरोधकांबद्दल फोनवर शोधतात, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. चुकीची माहिती फक्त फोनच देतो असंही नाही. ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ ही धास्ती बीडच्या ऊसतोड बायकांना कुठल्या रीलने घातली नव्हती. शासनाच्या समितीने २०१९ मध्ये पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. दवाखान्यात समोर बसून सांगितलेली माहितीही बाईला कापू शकते. पण माझा मुद्दा याने अधिकच पक्का होतो. प्रत्येक वेळी प्रश्न हाच असतो की कानावर आलेली गोष्ट खरी की खोटी हे विचारायला बाईला विश्वासाचं, जवळचं, फुकट माणूस आहे की नाही. तसं माणूस असेल तर फोन तिच्या उपयोगाला येईल. नसेल तर फोन तिला अफवेच्याच हवाली करील.

आपल्याच महाराष्ट्रात हे करून दाखवलेलं आहे. १९७० पासून जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावातल्या निरक्षर बायकांना, त्यातल्या कितीतरी दलित बायकांना, आरोग्य कार्यकर्त्या बनवलं. त्या शिकायला एकत्र जमायच्या आणि शिकलेलं गावात जाऊन बोलायच्या. गडचिरोलीत राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. कुणीतरी जाऊन विचारलं म्हणून त्या बोलल्या. २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती, उस्मानाबाद या जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. तिच्या जनसुनवाईत गावातली बाई उभी राहून डॉक्टरांना जाब विचारू शकत होती. या तिन्ही कामांत बाईला तोंड होतं. आज तिला फक्त कान समजलं जातं, आणि तेही नवऱ्याच्या कानामार्फत.

म्हणून संघटनांनी केवळ ‘डिजिटल साक्षरते’ची शिबिरं भरवून गप्प बसू नये. बाईला फोन शिकवणं चांगलंच, पण यंत्रणेला बाई शिकवण्याची गरज त्याहून जास्त आहे. माझ्या मते आपल्या मागण्या अशा असाव्यात :

१. ग्रुपवर पाठवलेला निरोप ‘पोचला’ म्हणून धरू नये. दर महिन्याच्या ग्राम आरोग्य व पोषण दिनी तो अंगणवाडीत मोठ्याने वाचून, समजावून सांगावा. बायकांनी विचारलेले प्रश्न वहीत लिहावेत आणि पुढच्या महिन्यात त्यांची उत्तरं द्यावीत.

२. निरोप ऐकता येतील असे, आपल्या भागातल्या बोलीत, शक्यतो गावच्याच बाईच्या आवाजात असावेत. पुढाऱ्यांचे फोटो नसावेत.

३. अफवा ज्या वाटेने आली त्याच वाटेने, त्याच भाषेत आणि त्याच दिवशी उत्तर जावं. उत्तरात बाईच्या शंकेचा अपमान नसावा.

४. कोणत्याही बाईचं नाव, आजार, तपासणीचा आकडा, गरोदरपण किंवा फोटो कोणत्याही ग्रुपवर जाऊ नये. गेला तर जबाबदारी वरच्या अधिकाऱ्यावर असावी, आशाताईवर नव्हे.

५. नोंदणीत बाईचा स्वतःचा क्रमांक घ्यावा. तो नसेल तर कुणाच्या क्रमांकावर निरोप चालेल हे तिलाच विचारावं, आणि नाजूक बाबी प्रत्यक्ष भेटीतच बोलाव्यात.

६. आशा आणि अंगणवाडी ताईंना चांगला फोन, रिचार्जचा पूर्ण खर्च आणि कामाच्या वेळा मिळाव्यात. घरभेट आणि बोलणं हे मोबदल्याचं काम म्हणून मोजावं.

७. माहिती मिळाली नाही किंवा पटली नाही म्हणून कुणाचंही रेशन, अनुदान किंवा उपचार अडवले जाऊ नयेत.

यातली एकही मागणी आभाळातला चंद्र मागणारी नाही. बहुतेकांना पैसेही फारसे लागत नाहीत. लागते ती बाईचं म्हणणं ऐकून घेण्याची तयारी.

मैत्रिणींनो, ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घेणं आपल्या राज्यात कायद्याने बंधनकारक आहे. येत्या महिला ग्रामसभेत आपापल्या गावी तीन प्रश्न विचारा. गेल्या तीन महिन्यांत आरोग्याचे किती निरोप ग्रुपवर आले? त्यातले किती या सभेतल्या बायकांना माहीत आहेत? आणि बायकांच्या किती प्रश्नांना उत्तर मिळालं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ग्रामसेवकाच्या फोनमध्ये तयार असेल. दुसऱ्याचं उत्तर हात वर करून तिथेच मिळेल. तिसऱ्यासाठी तक्त्यात आज रकानाच नाही. तो रकाना पाडून घेणं हे आपलं काम आहे. आपापल्या गावात काय उत्तरं मिळाली ते या अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवा, पोस्टकार्डावर लिहिलंत तरी चालेल.